अमेरिकेत डॉर्ममध्ये राहताना मील प्लॅन सोडावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीनंतर पदवीसाठी अमेरिकेत निघालेल्या मुलांना प्रवेश पक्का झाला की विद्यापीठाच्या संकेतस्थळावर राहण्याचा अर्ज भरावा लागतो. त्याच अर्जात जेवणाचा प्लॅन निवडायचा असतो. एका सत्राचा आकडा रुपयांत केला की घरातल्या सगळ्यांचे डोळे विस्फारतात आणि 'एवढ्या पैशात घरी वर्षभर जेवण होईल' हे वाक्य ठरलेले येते. पण पुण्यातल्या घराशी तुलना करून हा निर्णय होत नाही. तो कसा करावा, ते पुढे सांगितले आहे.

मुळात मील प्लॅन नाकारता येतो का?

पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी नाही. पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या आणि डॉर्ममध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या वसतिगृहात, राहणाऱ्या विद्यार्थ्याला कुठला तरी प्लॅन घ्यावाच लागतो, असा नियम बऱ्याच विद्यापीठांत आहे. दुसऱ्या वर्षापासून तो सैल होतो. ज्या वसतिगृहांत फ्लॅटसारखी रचना असते, म्हणजे तीन-चार जणांत एक स्वयंपाकघर असते, तिथे सक्ती सहसा नसते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तर जवळपास कुठेच नसते.

हे प्लॅनच्या जाहिरातवजा पानावर शोधू नका. राहण्याचा जो करार असतो त्यात जेवणाचे कलम असते, ते वाचा. करार पूर्ण शैक्षणिक वर्षाचा आहे की एका सत्राचा, प्लॅन कोणत्या तारखेपर्यंत बदलता येतो आणि कोणत्या इमारतींना सक्ती लागू आहे, या तीन गोष्टी त्यात लिहिलेल्या असतात. सक्ती इमारतीवर अवलंबून असेल, तर जेवणाचा निर्णय खोली निवडतानाच होऊन जातो. खोली मिळाल्यावर जागे झालेल्यांना मग पर्याय उरत नाही.

प्लॅनचे प्रकार कोणते?

डायनिंग हॉलच्या दारात ओळखपत्र लावून आत गेलात की एक 'स्वाइप' खर्च होतो. आत गेल्यावर हवे तेवढे खा. प्लॅन तीन तऱ्हांचे असतात. अमर्याद प्लॅनमध्ये दिवसातून कितीही वेळा जाता येते. आठवड्याच्या प्लॅनमध्ये ७, १०, १४ किंवा १९ अशी ठरावीक जेवणे मिळतात आणि उरलेली बहुधा आठवडा संपताना बाद होतात. ब्लॉक प्लॅनमध्ये पूर्ण सत्रासाठी ५०, १०० किंवा १५० जेवणे मिळतात, ती कधीही वापरा. सोबत 'डायनिंग डॉलर' किंवा 'फ्लेक्स' नावाची रक्कम असते. ती आवारातल्या कॉफीच्या आणि सँडविचच्या दुकानांत चालते.

आमच्या मते मराठी घरातून आलेल्या बहुतेक मुलांना ब्लॉक प्लॅन सोयीचा पडतो. चतुर्थी, एकादशी, परीक्षेचा आठवडा, शनिवारी मित्राकडे केलेली खिचडी, अशा दिवशी न गेलेले जेवण त्यात वाया जात नाही. पहिल्या वर्षाला ब्लॉक उपलब्ध आहे का, ते मात्र पाहा. कित्येक ठिकाणी तो दुसऱ्या वर्षापासूनच मिळतो.

हिशेब नेमका कसा मांडायचा?

प्लॅनच्या किमतीला त्यातल्या जेवणांनी भागून जो आकडा येतो, तो विद्यापीठाच्या सोयीचा. तुमच्या सोयीचा आकडा काढायचा तर तुम्ही प्रत्यक्षात खाल तेवढ्या जेवणांनी भागा.

उदाहरणासाठी सत्राचा प्लॅन २,८०० डॉलरचा, आठवड्याला १४ जेवणांचा, सत्र १५ आठवड्यांचे आणि सोबत २०० डायनिंग डॉलर असे धरू. आधी २०० वजा करा, कारण ते तुमचेच पैसे तुम्हाला परत मिळतात. उरले २,६००. जेवणे २१०. म्हणजे जेवण साधारण १२.४० डॉलरला पडले. पण सकाळी साडेआठच्या तासाला धावताना नाश्ता हुकला आणि शनिवार-रविवार बाहेर गेले, तर आठवड्याला ९ जेवणेच होतात. सत्राची १३५. आता तेच जेवण १९.२५ डॉलरला पडले.

याच्या शेजारी दाराचा दर लिहा, म्हणजे प्लॅन नसलेल्या माणसाला आत जायला पडणारे पैसे. तो डायनिंगच्या पानावर दिलेला असतो. तो १४ डॉलर असेल, तर २,६०० भागिले १४, म्हणजे १८६ जेवणे. आठवड्याला साडेबारा जेवणांपेक्षा कमी खाणार असाल, तर प्लॅनपेक्षा दारात पैसे भरणे स्वस्त. दाराच्या दरावर काही राज्यांत विक्रीकर लागतो, तोही धरा.

तिसरा रकाना स्वतःच्या स्वयंपाकाचा. एका शाकाहारी माणसाचा किराणा, दूध, भाजी आणि तेल मिळून आठवड्याला ४५ ते ६० डॉलर धरून चाला. मोठ्या शहरांत याहून जास्त लागतील. त्यात पहिल्या महिन्यातले भांडी, सुरी, डबे यांचे १२० ते १५० डॉलर मिळवा. भारतीय दुकान बसच्या वाटेवर नसेल तर जाण्यायेण्याचे भाडे मिळवा. आणि आठवड्याचे सात-आठ तास मिळवा, कारण भांडी घासणेही त्यात आलेच. कागदावर सत्रामागे हजार-दीड हजार डॉलर वाचताना दिसतात. ते खरोखर वाचतात की नाही, हे पुढच्या प्रश्नावर ठरते.

स्वयंपाकघर नसलेल्या डॉर्ममध्ये राहून प्लॅन सोडला तर?

सोडू नका. या सगळ्या पानातला हा एकच सल्ला लक्षात राहिला तरी चालेल. प्लॅन महाग आहे का, जेवण चविष्ट आहे का, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न असा की तुम्हाला रोज वापरता येईल अशी शेगडी कुठे आहे आणि ती किती जणांत आहे.

पारंपरिक डॉर्ममध्ये खोलीत दोघे, मजल्यावर सामाईक न्हाणीघर आणि पूर्ण इमारतीसाठी एखादे छोटे स्वयंपाकघर असते. दोनशे मुलांत चार बर्नर. भांडी आपली आपण खोलीतून न्यायची आणि परत आणायची. सामाईक फ्रिजमध्ये ठेवलेले दही दुसऱ्या दिवशी सापडेल याची खात्री नाही. पहिले दोन आठवडे उत्साहात जातात. मग मिडटर्म परीक्षा सुरू होतात आणि मुलगा रात्री अकराला चिप्स आणि नूडल्सवर येतो. त्यानंतर बाहेरून मागवणे सुरू होते. जेवण, पोचवण्याचे शुल्क, सेवाशुल्क आणि टिप मिळून एका वेळेला २० ते २५ डॉलर सहज जातात. प्लॅन सोडून वाचवलेले पैसे इथेच संपतात, आणि पोटाचे हाल होतात ते वेगळेच.

याउलट फ्लॅटसारख्या डॉर्ममध्ये चार जणांत एक स्वयंपाकघर असेल आणि त्यातल्या दोघांना तरी रोज वरण-भात चालत असेल, तर प्लॅन सोडणे शहाणपणाचे आहे. आठवड्यातून दोनदा एकाने स्वयंपाक केला तर प्रत्येकावरचा भार खूप हलका होतो. सोबत २५ किंवा ५० जेवणांचा लहान ब्लॉक ठेवा. परीक्षेच्या आठवड्यात आणि तापाच्या दिवशी तो कामी येतो.

खोलीत कोणती उपकरणे चालतात?

नियम प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे आहेत, पण उघडे तापणारे काहीही चालत नाही. हॉटप्लेट, कॉइलची शेगडी, टोस्टर, सँडविच ग्रिल यांना बहुतेक ठिकाणी बंदी असते. इंडक्शन आणि विजेचा प्रेशर कुकर बऱ्याच यादींत बंदीच्याच रकान्यात असतात. राइस कुकर काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी नाही. आपोआप बंद होणारी किटली बऱ्याच ठिकाणी चालते. लहान फ्रिज आणि मायक्रोवेव्ह जोडीने भाड्याने मिळतात. तपासणी सत्रातून एक-दोनदा तरी होते, आणि बंदीची वस्तू सापडली की ती जप्त होते किंवा दंड होतो.

भारतातून इंडक्शन, मिक्सर किंवा किटली नेऊ नका. तिकडे वीज १२० व्होल्टची आणि ६० हर्ट्झची, आपली उपकरणे २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची. प्लगचा आकार बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. किटली लावली तर पाणी तापायला तिप्पट-चौपट वेळ लागेल, आणि मिक्सर नीट फिरणार नाही.

वीज का उडते, हेही समजून घ्या. खोलीतले प्लग साधारण १५ किंवा २० अँपिअरच्या एकाच सर्किटवर असतात. १,५०० वॉटची किटली १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर घेते. ७०० वॉटचा म्हणून विकला जाणारा मायक्रोवेव्ह प्रत्यक्षात हजाराहून जास्त वॉट ओढतो, म्हणजे आणखी ९ अँपिअर. दोन्ही एकदम लावले की ब्रेकर पडणारच. एक बंद करून मग दुसरे लावा.

नुसत्या मायक्रोवेव्हवर काय काय होते?

रोजचे पूर्ण जेवण नाही, पण आठवड्यातली तीन-चार जेवणे नक्की होतात.

भातासाठी एक वाटी तांदूळ धुऊन दोन वाट्या पाणी घाला. भांडे धान्याच्या किमान चौपट खोल घ्या, नाहीतर ऊतू जाऊन आतली काचेची थाळी खळीने भरते. झाकण सैल ठेवून पूर्ण शक्तीवर १० मिनिटे, मग अर्ध्या शक्तीवर ५ मिनिटे, आणि झाकून ५ मिनिटे तसाच राहू द्या. वरून मेतकूट, तूप, मीठ. आजारी दिवसाचे जेवण तयार.

खिचडीला पाव कप तांदूळ आणि पाव कप मूगडाळ तासभर भिजवा. दोन कप पाणी, हळद, मीठ, हिंग घालून पूर्ण शक्तीवर १० मिनिटे आणि अर्ध्या शक्तीवर ८ ते १० मिनिटे ठेवा. मध्ये एकदा ढवळा. तूरडाळीच्या नादी लागू नका, ती कुकरशिवाय नीट गळत नाही. मसूर आणि मूग गळतात. फोडणी मात्र मायक्रोवेव्हमध्ये करू नका. तेल किती तापले ते दिसत नाही आणि भांडे तडकू शकते.

राजमा कधीही मायक्रोवेव्हमध्ये किंवा मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये कच्च्यापासून शिजवू नका. लाल राजम्यात लेक्टिन हा विषारी घटक असतो. तो खळखळून उकळल्याशिवाय नष्ट होत नाही, आणि अर्धवट शिजलेल्या राजम्याने काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. डब्यातला राजमा आधीच शिजवलेला असतो. तो धुऊन घ्या.

उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. रात्रभर टेबलावर राहिलेल्या भातात वाढलेल्या जिवाणूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. फ्रिजचे तापमान ४ अंश सेल्सिअसच्या आत हवे. भाड्याच्या छोट्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा उणे १८ पर्यंत जात नाही, म्हणून गोठवलेल्या पोळ्या आणि भेंडीची पाकिटे त्यात महिनाभर ठेवता येत नाहीत. तीन-चार दिवसांत संपतील तेवढीच आणा.

सामाईक स्वयंपाकघरात फोडणी दिली की अलार्म वाजतो. काय करावे?

आधी वरचा पंखा लावा आणि खिडकी उघडा, मग तेल तापवा. स्वयंपाकघराचे कॉरिडॉरकडचे दार बंदच ठेवा. धूर जावा म्हणून दार उघडणे ही सर्रास होणारी चूक आहे. धूर कॉरिडॉरमधल्या सेन्सरपर्यंत जातो आणि संपूर्ण इमारत रात्री थंडीत बाहेर उभी राहते. आच मध्यम ठेवा, मोहरी तडतडली की लगेच गॅस किंवा कॉइल बंद करून हळद-हिंग घाला आणि झाकण ठेवा. कोरड्या मिरच्या तेलात जाळू नका, सगळ्यांनाच ठसका लागतो.

सेन्सरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. अग्निसुरक्षेच्या उपकरणाशी छेडछाड हा गंभीर गुन्हा मानला जातो. दंड तर होतोच, डॉर्ममधून काढूही शकतात.

डायनिंग हॉलमध्ये शाकाहारी माणसाला मिळते तरी काय?

आता पूर्वीपेक्षा खूप मिळते. टेक्सासमधल्या डेंटन येथील युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्सासने २०११ मध्ये पूर्ण व्हीगन, म्हणजे मांस, अंडी, दूध काहीच नसलेला, डायनिंग हॉल सुरू केला. इतरत्र व्हीगन काउंटर, सॅलड, पास्ता, बीन्स, भात आणि फळे रोज असतात. खरी अडचण लपलेल्या मांसाची आहे.

'व्हेजिटेबल सूप' चिकनच्या पाण्यात केलेले असू शकते. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये आणि वूस्टरशर सॉसमध्ये अँचोव्ही हा मासा असतो. मेक्सिकन काउंटरवरच्या घोटलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते. जेलो आणि मार्शमेलोमध्ये जिलेटिन असते. काही चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने जमवलेले असते. 'व्हेजिटेरियन' म्हटले की त्यात अंडे धरलेलेच असते. अंडेही नको असेल तर 'व्हीगन' खूण पाहा आणि दूध-दही वेगळे घ्या. आपल्याकडच्या हिरव्या-लाल ठिपक्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायची सवय तिकडे उपयोगी नाही. प्रत्येक पदार्थाचे घटक संकेतस्थळावरच्या मेनूत असतात, ते वाचायला शिका. ग्रिलवर मांस आणि भाजी एकाच चिमट्याने उलटत असतील तर चिमटा आणि जागा बदलायला सांगा. बहुतेक ठिकाणी आनंदाने बदलतात.

वैद्यकीय किंवा धार्मिक कारणाने सूट मिळते का?

मिळू शकते, पण 'मला आवडत नाही' या कारणाने नाही.

सीलिएक (गव्हातले ग्लुटेन न चालण्याचा आजार) किंवा तीव्र ॲलर्जी असेल तर अर्ज डायनिंग विभागाकडे न करता अपंगत्व-सेवा कार्यालयाकडे करा. यामागे कायद्याचा आधार आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या लेस्ली विद्यापीठात डॉर्ममधल्या मुलांना मील प्लॅन सक्तीचा होता आणि सीलिएक असलेल्यांना त्यात खाण्याजोगे मिळत नव्हते. डिसेंबर २०१२ मध्ये न्याय खात्याशी झालेल्या समझोत्यात विद्यापीठाने ॲलर्जी असलेल्यांसाठी वेगळे जेवण देणे आणि ५०,००० डॉलर भरपाई मान्य केली. तेव्हापासून विद्यापीठे अशा अर्जांकडे गांभीर्याने पाहतात. मात्र आधी ते वेगळे जेवण देऊ करतात. ते पुरेसे नाही असे दिसले तरच सूट मिळते.

डॉक्टरांचे पत्र इंग्रजीत, लेटरहेडवर, निदान आणि टाळायचे पदार्थ स्पष्ट लिहिलेले हवे. 'पोट नाजूक आहे' अशा पत्राचा उपयोग होत नाही. ते निघण्यापूर्वीच घ्या. तिळाची ॲलर्जी असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा अमेरिकेत पाकिटावर लिहावाच लागणारा नववा ॲलर्जीकारक घटक आहे.

जैन मुलांना कंदमुळे, कांदा, लसूण चालत नाही. डायनिंगच्या आहारतज्ज्ञाला भेटून रोजच्या मेनूतले काय चालेल याची यादी करा. ती फारच लहान निघाली तर तीच यादी धार्मिक सूट मागण्याच्या अर्जाला जोडा. नियमाचे नाव सांगण्यापेक्षा 'या आठवड्यातल्या इतक्या पदार्थांपैकी इतकेच चालतात' असे दाखवणे जास्त परिणामकारक ठरते.

सक्ती आहे, पण कोणता प्लॅन घ्यावा ते कळत नाही.

परवानगी असलेला सर्वांत लहान घ्या. प्लॅन वाढवायला विद्यापीठे सहसा केव्हाही तयार असतात. कमी करायला पहिले दोन-एक आठवडेच मिळतात, त्यानंतर पैसे परत मिळत नाहीत. पहिल्या दहा दिवसांत किती वेळा आत गेलात ते ॲपमध्ये दिसते. तो आकडा पाहून मुदतीच्या आत ठरवा. जानेवारीत सुरू होणाऱ्या वसंत सत्राचा बदल बहुधा डिसेंबरच्या सुट्टीआधी मागावा लागतो. जानेवारीत परतल्यावर उशीर झालेला असतो.

सुट्टीत प्लॅन चालतो का?

बहुधा नाही. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असते, तेव्हा तीन-चार दिवस डायनिंग हॉल बंद असतात. हिवाळ्याची सुट्टी तीन ते पाच आठवड्यांची, आणि मार्चमध्ये आणखी एक आठवडा. अमेरिकन मुले घरी जातात, आपली मुले तिथेच असतात. काही डॉर्मही या काळात बंद होतात. या दिवसांसाठी डायनिंग डॉलरवर अवलंबून राहू नका, कारण दुकानेही बंद असतात. किराणा आधी भरून ठेवा.

डायनिंग हॉलमध्ये नोकरी केली तर जेवण फुकट मिळते का?

कामाची पाळी असेल त्या दिवशी एक जेवण फुकट किंवा सवलतीत देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. डायनिंग हॉल बाहेरची कंपनी चालवत असली, तरी ती आवारातच विद्यार्थ्यांना सेवा देत असेल तर ते काम आवारातलेच धरले जाते. तरी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारूनच सही करा. आठवड्याला तीन पाळ्या मिळाल्या तर तेवढी जेवणे प्लॅनमधून वजा करून लहान प्लॅन घ्या.

शिष्यवृत्तीतून जेवणाचे पैसे भरले तर कर लागतो का?

शिकवणीच्या शुल्कासाठी वापरलेली शिष्यवृत्ती करमुक्त असते, राहणे-जेवण्यासाठी वापरलेली करपात्र. एफ-१ विद्यार्थ्यांच्या करपात्र शिष्यवृत्तीवर १४ टक्के कापले जातात. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना विवरणपत्र भरताना प्रमाणित वजावट (उत्पन्नातून वजा होणारी ठरावीक करमुक्त रक्कम) घेता येते, त्यामुळे बरेचदा ही रक्कम परत मिळते. पण त्यासाठी १०४०-एनआर हे विवरणपत्र भरावे लागते.

पैसे संपले आणि स्वाइपही संपले तर?

उपाशी राहू नका आणि लाजू नका. बहुतेक आवारांत विद्यार्थ्यांसाठी अन्नपेढी असते. ओळखपत्र दाखवून तांदूळ, डबाबंद बीन्स, दूध नेता येते, आणि सहसा व्हिसा कोणी विचारत नाही. इतर मुलांनी दान केलेले स्वाइप गरजूंना देण्याची सोयही बऱ्याच ठिकाणी आहे. 'स्वाइप आउट हंगर' हा उपक्रम २०१० मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केला आणि पुढे देशभर पसरला. मित्राचे कार्ड घेऊन आत जाणे मात्र नियमभंग आहे. मित्राकडे 'गेस्ट स्वाइप' असतात, ते त्याने सोबत येऊन वापरले तर हरकत नसते. सरकारची अन्नमदत योजना एफ-१ विद्यार्थ्यांसाठी नाही, तिचा अर्ज करू नका.

भारतातून कोणते खाणे न्यावे?

मेतकूट, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, कोरड्या चटण्या, भाजलेला रवा. हे सगळे कारखान्यात बंद केलेल्या, नाव छापलेल्या पाकिटात असले तर बरे. घरचे असेल तर डब्यावर इंग्रजीत लिहून ठेवा. विमानतळावरच्या कस्टम्स तपासणीत अन्न असल्याचे नेहमी सांगा. सांगून जप्त झाले तर फक्त वस्तू जाते, लपवून सापडले तर दंड होतो. मांस, ताजी फळे आणि भाजी नेऊ नका. भारतातून सामानात तांदूळही चालत नाही, कारण खापरा भुंगेरा या धान्यातल्या किडीच्या भीतीने त्यावर बंदी आहे. तांदूळ, डाळी, साबुदाणा, पोहे तिकडच्या भारतीय दुकानांत मिळतात.

आईवडिलांनी हा निर्णय घ्यावा का?

पैशाचा आकडा तुम्ही ठरवा, प्लॅन मुलांना ठरवू द्या. त्याआधी उन्हाळ्यात दोन आठवडे मुलाकडून रोज एक वेळचा स्वयंपाक करून घ्या, भांडी घासण्यासकट. दहा दिवसांनी तो कंटाळला तर मोठा प्लॅन घ्या. चौदाव्या दिवशी वरणाला हिंग कमी पडला असे त्यानेच सांगितले, तर दुसऱ्या वर्षी स्वयंपाकघर असलेली खोली शोधायला हरकत नाही.